दोन माणसांचा नियम

या आठवड्यात विधानभवनात आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं

इथपर्यंत येऊन सिनेटर व्हर्लिन हावलाटचं वाक्य अडलं. होलुब गावच्या साप्ताहिकात दर बुधवारी त्याचं सदर यायचं. राज्याच्या राजधानीहून, लिंकनहून घरी येताना पिकअप चालवता चालवता तो ते मोठ्याने बोलून जुळवायचा आणि घरी पोचल्यावर कागदावर उतरवायचा. या शुक्रवारी शहर संपलं, मक्याची रिकामी रानं संपली, वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या, गुरं दिसायला लागली, पण वाक्य होतं तिथेच. मध्येच मेरेडिथचा फोन आला. मेरेडिथ त्याच्या कार्यालयाचं सगळं बघायची आणि वाईट बातमी हवामान सांगितल्यासारखी सांगायची.

"सिनेटर, आपण मोजलेली तीन मतं आपली नाहीत."

"असं कसं? तिघांनीही मला तोंडावर शब्द दिलाय."

"काय शब्द दिलाय?"

"मी तुझ्या विरोधात मत देणार नाही, असं."

"म्हणजे ते जागेवर बसून राहतील. हजर, मत नाही. बिल पास व्हायला पंचवीस हिरवे दिवे लागतात. न लागलेला दिवा लालच."

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. आठ वर्षांत त्याने स्वतः कितीतरी जणांना हेच वाक्य ऐकवून जागेवर बसून काढलं होतं. पण ते तिघंही गुरंवाले, त्याच्याच मुलखातले. त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकताना तो मनाने विधानभवनात नव्हताच, कुणाच्या तरी कुंपणाला टेकून शेजाऱ्याचा शब्द ऐकत होता. आता शनिवार-रविवारात तिघांना गाठून वळवायचं, नाहीतर मंगळवारी शेवटच्या मतदानात बिल आडवं.

बाजूने बोलणारे

समितीपुढे कुठलंही बिल आलं की आधी बाजूचे बोलतात, मग विरोधातले, शेवटी तटस्थ. व्हर्लिनला या क्रमाची इतकी सवय झाली होती की घरातली भांडणंही तो तशीच लावून ऐकायचा. लोक मात्र आपापल्या रांगेत थांबत नाहीत.

शनिवारी सकाळी फायर हॉलचं मोठं दार वर सरकवलेलं होतं. बंब आणि अँब्युलन्स बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. गावच्या बिनपगारी अँब्युलन्स पथकाचं वर्षातून एकदाचं पॅनकेक जेवण. यावं, पोटभर खावं, आणि दारात ठेवलेल्या रबरी बुटात जमेल तेवढे पैसे टाकावेत. बुटापाशी धाकटा भाऊ डुआन उभा होता. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मंडळावर होता आणि बोलायचाही मंडळासारखाच, ठराव मांडल्यागत.

"केलेस फोन तिघांना?"

"कॉफी तरी घेऊ दे."

"घे कॉफी. पण एक लक्षात ठेव, तुझं बिल पडलं की आपली अँब्युलन्स बंद. मग काउंटीने पगारी माणसं आणायची आणि जमिनीचा कर वाढवायचा. आणि शिव्या कुणी खायच्या? मी. तू तिकडे लिंकनला."

बिल साधं होतं. कायदा म्हणतो, अँब्युलन्स रुग्णाकडे निघायची तर आत प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं हवीत. होलुबमध्ये अशी दोनच उरली होती. एक बहीण लव्हॉन, दुसरा जीन पाव्हलिक. जीन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ओमाहाला गेलेला. व्हर्लिनचं बिल म्हणत होतं, एक शिकलेला पुरे, गाडी कुणीही चालवावी. सरकारने गावात कमीत कमी नाक खुपसावं या मताचा तो माणूस. असं बिल त्याच्याच हातून यायचं.

अडचण एवढीच होती की तो दोन माणसांचा नियम त्याच्या आईने आणलेला होता.

टेबलापर्यंत पोचेपर्यंत ऑरविल स्ट्रोमरने त्याची बाही पकडली. "सिनेटर, शेजाऱ्याच्या कुरणातले प्रेअरी डॉग घुशींसारखी माझ्या कुरणात बिळं करतायत. तुम्ही कायदा करा."

"ऑरविल, गेल्या महिन्यात तूच म्हणालास, सरकारने कुणाच्या कुरणात बघू नये."

"माझ्या कुरणात बघू नये. त्याच्या बघावं."

पलीकडून ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, "वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करणं बंद करणार होतात, त्याचं काय झालं?"

"समितीत आहे."

"मागच्या वर्षीही समितीतच होतं."

"तिथे बसायला जागा चांगली आहे, बाई. उठवत नाही त्याला."

टेबल हसलं. व्हर्लिनला बरं वाटलं. या कामातली ही एवढीच गोष्ट त्याला पक्की जमायची.

या आठवड्यात विधानभवनात, आणि घरी आल्यावर फायर हॉलमध्येही, मला अनेकांनी सांगितलं की

विरोधात बोलणारे

लव्हॉनचं नाव खरं तर वरच्या यादीत हवं होतं. हे बिल आण म्हणून सुगीच्या दिवसांत त्याच्यामागे लागलेली तीच. ती तव्यापाशी उभी होती, कमरेला पेजर, हातात उलथणं. व्हर्लिन ताट घेऊन तिच्यासमोर गेला.

"तीन मतं कमी पडतायत," तो हळूच म्हणाला. "पण आज-उद्यात वळवतो मी. तू काळजी करू नकोस."

"नाही करत."

"डुआन म्हणतोय—"

"व्हर्लिन, पडू दे ना ते."

त्याला वाटलं ती पॅनकेकबद्दल बोलतेय. मग तिने मान वर केली.

"पडू दे म्हणजे? तूच तर म्हणालीस, एकावर चालवू दे, नाहीतर पथक बंद पडेल."

"म्हणाले होते. दमले होते तेव्हा. मग नीट विचार केला." तिने पॅनकेक उलटला. "एक माणूस पुरे. बरोबर? तो एक कोण?"

"म्हणजे, तू. सध्या तरी."

"सध्या. जीनचा गुडघा काही आता गाडीत चढायचा नाही. एक पुरे म्हटल्यावर दुसरं कुणी शिकायला येईल? कशाला येईल? लव्हॉन आहे की. वीस वर्षं झाली, पेजर वाजेल म्हणून मी बिअर घेतली नाही. मुलीच्या बाळंतपणाला गेले तर इथे गाडी बंद. गावाबाहेर जायचं तर मला गावाला विचारावं लागतं. तुझं बिल पास झालं ना, तर मी मरेपर्यंत सुटत नाही. आणि ते पडलं तर जीनबरोबर पथकही निवृत्त. मी घरी."

"आणि लोक?"

"तो प्रश्न तू मला विचारतोस?" ती उलथणं रोखून म्हणाली. "इतकी वर्षं मीच विचारत्येय ना तो तुम्हाला सगळ्यांना?"

मागे रांग वाढली होती. कुणीतरी म्हणालं, "सिनेटर, भाषण नंतर, भूक आत्ता." व्हर्लिन ताट घेऊन बाजूला झाला. ताटात काहीच नव्हतं.

तो गोंधळला होता, आणि त्याला त्याची लाज वाटत होती. कालपर्यंत गोष्ट सरळ होती: एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला लिंकनचे नियम. आता गावाच्या बाजूची एकुलती एक माणूस नियमाच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, आणि तीसुद्धा नियम तिला आवडतो म्हणून नव्हे. हे सदरात कसं लिहायचं?

तटस्थ

आई कॉफीचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होती. अल्बिना हावलाट शहाऐंशीची झाली होती, पण ते जड भांडं ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

रेमंडची गोष्ट या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. थोरला भाऊ, गवताच्या यंत्रात सापडला. तेव्हा होलुबमध्ये अँब्युलन्स नव्हती. अंत्यविधीवाल्याची लांब काळी गाडी होती, मेलेले तिच्यातूनच जायचे आणि आजारीही तिच्यातूनच. रेमंडला मागे झोपवलं आणि दोघंही माणसं पुढे बसली, कारण मागे बसून करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. इस्पितळापाशी दार उघडलं तेव्हा तो गेलेला होता. रस्त्यात कुठे, केव्हा, कुणालाच सांगता आलं नाही. पुढे आई एकटी लिंकनला गेली, समितीपुढे बसली आणि म्हणाली, "माझा मुलगा वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. पण तो गेला तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं." त्यातून तो नियम झाला. एक चालवायला, एक बघायला, आणि दोघंही शिकलेले, म्हणजे एकाचा हात थांबला तर दुसऱ्याचा चालावा.

"आई," व्हर्लिनने तिला कोपऱ्यात गाठलं, "मंगळवारी बिल आहे. तुला माहीत आहे ना?"

"पेपरात वाचलं."

"तुझं काय म्हणणं?"

आईने त्याच्या कपात कॉफी ओतली. "मी तुझ्या विरोधात बोलणार नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. निदान इथे तरी. तो तिच्या गालावर ओठ टेकवणार, तेवढ्यात लव्हॉनच्या कमरेचा पेजर वाजला, आणि पाठोपाठ हॉलवरचा भोंगा.

पेजरमधून काउंटीच्या मदत-केंद्रातल्या बाईंचा आवाज आला: नॉर्बर्ट झाडिना, गोठ्यात कोसळला, श्वास नीट नाही, बायको सोबत आहे.

लव्हॉनने तवा बंद केला. बाहेर अँब्युलन्स उभी होती, धुतलेली, टाकी भरलेली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग सिनेटरकडे. मघा घड्याळाबद्दल विचारणाऱ्या त्याच नजरा, पण आता त्यांना विनोद नको होता.

"पलीकडच्या गावाची गाडी बोलवा," लव्हॉन पेजरवाल्या बाईंना फोनवर सांगत होती. "हो. मी पुढे जातेय." मग फोन ठेवून ती म्हणाली, "व्हर्लिन, किल्ल्या."

"अँब्युलन्सच्या?"

"तुझ्या पिकअपच्या. माझ्या पिकअपला कायदा नाही, तुझ्याही पिकअपला नाही. चालव."

तिने अँब्युलन्समधून पिशवी आणि हृदयाला झटका द्यायचं यंत्र उचललं. डुआन दारात उभा राहून म्हणत होता, "हे बघा, हे बघा, म्हणूनच मी म्हणतो," पण तो काय म्हणतो हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

झाडिनाच्या गोठ्यात नॉर्बर्ट पेंढ्यावर पडला होता, ओठ निळे. त्याची बायको इर्मा त्याचा हात धरून त्याला नावाने हाका मारत होती. लव्हॉन गुडघ्यांवर बसली, मानेवर बोटं ठेवली आणि लगेच छाती दाबायला लागली.

"ती हवेची पिशवी घे. मुखवटा त्याच्या तोंडावर. घट्ट. असा. मी म्हणेन तेव्हा दाब."

"मी? मला येत नाही."

"माहीत आहे. दाब."

त्याने दाबली. हवा बाजूने फुसकन निघून गेली. "घट्ट, व्हर्लिन!" त्याने पुन्हा दाबली आणि नॉर्बर्टची छाती वर आली. मग यंत्र बोललं, दूर व्हा म्हणालं, ते दूर झाले. नॉर्बर्टचं अंग उडालं. लव्हॉन पुन्हा दाबायला लागली. ती मोजत होती, तो दाबत होता, इर्मा हाका मारत होती. व्हर्लिनच्या डोक्यात कुठलंही वाक्य नव्हतं. केव्हातरी लव्हॉन थांबली, मानेशी बोटं नेली आणि म्हणाली, "आहे."

पलीकडच्या गावाची गाडी यायला वेळ लागला. किती लागला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. फक्त गोठ्याच्या दारातून तो रस्त्याकडे बघत होता आणि रस्त्यावर धूळ उठत नव्हती. मग उठली. ते दोघं आले, नॉर्बर्टला उचललं, लव्हॉनही त्यांच्यासोबत मागे चढली. व्हर्लिन इर्माला घेऊन त्यांच्यामागून गेला.

परतीच्या वाटेवर लव्हॉन खिडकीला डोकं टेकून बसली होती. नॉर्बर्ट इस्पितळात होता, शुद्धीवर नव्हता, पण हृदय चालू होतं.

"तिकडची गाडी उशिरा आली," व्हर्लिन म्हणाला. "माझा कायदा असता तर आपण लगेच निघालो असतो. आपल्याच गाडीतून. मी चालवलं असतं."

"हो."

"म्हणजे बिल बरोबर आहे."

"तू चालवलं असतंस," लव्हॉन डोळे न उघडता म्हणाली. "मग पिशवी कुणी दाबली असती?"

त्याने पिकअपचा वेग कमी केला. "म्हणजे बिल चूक आहे."

"ते मी कुठे म्हणाले? तिकडची गाडी आणखी उशिरा आली असती, तर तो तिथेच संपला असता. आपण दोघं असून."

"मग मी करू काय?"

"मला काय विचारतोस? सिनेटर तू आहेस. मी पॅनकेक करते."

या आठवड्यात मला कळलं की

या आठवड्यात मला काहीही

समारोप

समितीत शेवटी बिल आणणाऱ्याला पुन्हा बोलायला मिळतं. बहुतेक जण म्हणतात, सर्वांचे आभार, आणि बसतात.

हॉल रिकामा झाला होता. डुआन खुर्च्या दुमडून भिंतीशी लावत होता, आई टेबलं पुसत होती. नॉर्बर्टची बातमी त्यांना आधीच कळली होती. होलुबमध्ये बातमीला पिकअप लागत नाही.

"तिघांना आत्ता फोन लाव," डुआन म्हणाला. "आत्ता. हे सांग त्यांना. गोठ्यात काय झालं ते सांग. कुणी नाही म्हणणार नाही."

"काय झालं ते सांगू? की मला पिशवी दाबता येत नव्हती ते सांगू?"

"ते कशाला सांगायचं?"

व्हर्लिन आईच्या समोर जाऊन बसला. तिने फडकं थांबवलं नाही.

"आई, सकाळी म्हणालीस, माझ्या विरोधात बोलणार नाहीस."

"नाही बोलणार."

"लिंकनला कुणी असं म्हणालं ना, तर ते विरोधात मोजतात."

"माहीत आहे मला." आईने फडक्याची घडी उलटली. "माझ्या वेळी मी वरच्या सज्जात बसले होते. माझ्या शेजारी एक बाई होती, तिने मला समजावून सांगितलं. कोण लाल, कोण हिरवा, आणि कोण नुसताच बसलाय. नुसते बसलेले फार होते. सगळे भले लोक. जिन्यात भेटले तेव्हा माझा हात हातात घेत होते." तिने टेबलाची कड पुसली. "त्यांच्यापेक्षा लाल दिवा लावणाऱ्याचं मला कमी वाईट वाटलं."

"मग मला तोंडावर 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"मी तुझी आई आहे. तू विचारायला आलास तेव्हा तुझं ठरलेलं होतं."

लव्हॉन तवा खरवडत होती. खरवडण्याचा आवाज बंद झाला.

"आणि 'नाही' म्हणून करायचं काय?" आई म्हणाली. "हिने एकटीने मरेपर्यंत ते ओढावं, असं माझं म्हणणं होतं का कधी? नियमात दोन माणसं आहेत. तुम्ही तीन भावंडं आहात."

मग व्हर्लिनने डुआनकडे पाहिलं, लव्हॉननेही पाहिलं. डुआनच्या दोन्ही हातांत दुमडलेल्या खुर्च्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय? मी मंडळावर आहे. शेती आहे. मी काही विरोधात नाही, कुणी शिकत असेल तर—"

"डुआन," आई म्हणाली.

त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. मान लाल झाली होती. "नाही," तो म्हणाला. "मला रक्त बघवत नाही. कधीच बघवलं नाही. रेमंडचं पाहिल्यापासून. मला जमणार नाही. नाही म्हणजे नाही."

हावलाटांच्या घरात हा शब्द इतका उघडा कुणी टाकल्याचं व्हर्लिनला आठवत नव्हतं. त्याला वाटलं आता आई रागावेल, नाहीतर लव्हॉन. आई उठली, डुआनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं. एकाचं तरी मत कळलं."

मग ती व्हर्लिनकडे वळली आणि वाट बघत उभी राहिली.

व्हर्लिनने फोन काढला. शनिवारी मेरेडिथला फोन करायचा नाही असा त्याचा नियम होता, पण तिने लगेच उचलला.

"मंगळवारच्या यादीतून माझं बिल काढायला सांग."

"सिनेटर, आता काढलं तर या अधिवेशनात ते परत येणार नाही. तीनच मतं कमी आहेत. एखादी सुधारणा जोडून—"

"सुधारणा आहे माझ्याकडे. पण ती कागदावर लिहिता येत नाही."

"मला कळलं नाही."

"मलाही फारसं कळलेलं नाही. पण काढ."

"काउंटीला काय सांगशील?" डुआन ओरडला. "पेपरात काय लिहिशील?"

बिल चूक होतं म्हणून काढलं, की आईला तोंड दाखवता यावं म्हणून, की नॉर्बर्टच्या छातीवर पहिल्यांदा हवा बाजूने गेली म्हणून, हे त्याला उद्याही सांगता आलं नसतं. गाव आता आपल्या गाडीला मुकलेलंच राहणार होतं, तेही त्याच्या हातून. त्याने फोन खिशात ठेवला आणि तव्यापाशी गेला.

"तो वर्ग असतो ना, शिकायचा. काउंटीच्या गावी. कधी असतो?"

लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातांकडेही बघितलं. "मंगळवारी संध्याकाळी. दर मंगळवारी. मंगळवारी तू लिंकनला असतोस."

"या मंगळवारी मोकळा आहे. माझं बिलच नाही."

"आणि पुढच्या मंगळवारी?"

"ते अजून मोजलं नाही."

"तू नापास होशील, व्हर्लिन."

"हो," तो म्हणाला, "शक्यता आहे." लव्हॉनने खरवडायचं उलथणं त्याच्या हातात दिलं आणि ती बाहेर जाऊन अँब्युलन्स उलटी आत घ्यायला लागली. पहिल्यांदा तिने आरशात बघून हात केला, तेव्हा त्याला कळलं नाही. मग तो धावत गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि भिंत किती जवळ आली ते तिला सांगू लागला.